हातगुणाचा हंगाम

आंब्याच्या आधी पेंढा येतो. गिऱ्हाइकांना हे कळत नाही, त्यांना एकदम पेटीच दिसते. पण आमच्या गल्लीत होळीची राख अजून रस्त्यावर असते तोवर एक टेम्पो येऊन उभा राहतो आणि पेंढ्याचे भारे उतरायला लागतात. मग दोन दिवस सगळीकडे काड्या. ओट्यावर काड्या, वाळत घातलेल्या कपड्यांत काड्या, पाण्याच्या कळशीतसुद्धा एखादी तरंगताना दिसते. यंदाही तसंच झालं. केसांत अडकलेली एक काडी मी उपसून काढली.

आंब्याच्या वासानं लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं तोंड कोरडं पडतं.

आज दुपारी रेश्मा येणार आहे. मागच्या खोलीतली, गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली, मॉलमध्ये साफसफाईला जाते ती. काल नळावर म्हणाली, "मावशी, घरांची सोडत निघालीय परत. उद्या दुपारी मोबाईल घेऊन येते. बटन तुमच्या हातानं दाबायचंय." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझं असंच होतं. बोलायचं ते घशाशी येतं आणि तिथंच बसून राहतं. तेवढ्यात तिची कळशी भरली आणि ती गेली. रेश्माला दिवस गेलेत. एका खोलीत सासू, दीर, नवरा आणि ती. मध्ये एक पडदा. मूल झाल्यावर पडदा कुठं सरकवायचा हा तिचा प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नावर तिला माझं बोट हवंय.

सकाळपासून मला तो हंगाम आठवतोय. ज्या हंगामात माझा हात चांगला ठरला, तो.

सीवूड्सच्या मागे जुनं गावठाण आहे, तिथं आम्ही राहतो. स्टेशनाकडच्या रस्त्यावर हंगामापुरता मांडव घालून नाना आंबे विकतात. नाना कोकणातले. माल ठेवायला त्यांनी आमच्या गल्लीत एक लांबट खोली घेतलेली आहे. त्या खोलीत आढी लावायचं काम माझं. जमिनीवर पेंढ्याचा थर, त्यावर कच्चे आंबे, एकाला एक घासणार नाहीत असे, वर परत पेंढा, परत आंबे, आणि सगळ्यावर गोणपाट. मग रोज हात घालून बघायचं. आत हात गेला की ऊब लागते. ताप आलेल्या लेकराच्या मानेखाली लागते तशी. कुठला थर पिकत आलाय, कुठं एखादं फळ नासायला लागलंय, ते चाचपून काढायचं. देठाचा चीक लागून बोटांची सालं निघतात, नखं काळी पडतात. हळदीकुंकवाला गेले की मी मूठ मिटून बसते.

त्या वर्षी नानांचा गावाकडचा माणूस आला नव्हता म्हणून पहिली आढी मी एकटीनं लावली. ती सुरेख पिकली. शेजारच्या व्यापाऱ्याच्या पेंढ्याला मात्र बुरशी धरली. त्याची खोली ओली होती, भिंतीला पोपडे होते, हे सगळ्यांना दिसत होतं. पण नाना तोंडात तंबाखू धरून म्हणाले, "मंदे, तुझ्या हाताक गुण आसा गो." सहज म्हणाले. मीही सहज ऐकलं. पुढचा माल आला तेव्हा मी रेशनच्या दुकानात रांगेत होते. परत येऊन बघते तर टेम्पो उन्हात तसाच उभा, हमाल सावलीला बसलेले, आणि नाना दारात येरझाऱ्या घालतायत. "पहिलो आंबो तू ठेव, मगे बाकीचे ठेवतले." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

गोष्ट पसरायला गल्ली पुरते. शहाळीवाला हाक मारायचा, "मावशी, भवानी करून जा." मी काही घेणार नाही हे त्याला माहीत असायचं, पण सकाळी सकाळी माझा हात त्याच्या शहाळ्याला लागला पाहिजे. इडलीवाली तर झाकण माझ्याकडूनच उघडून घ्यायला लागली. मला चारचौघांत नाव घेऊन कुणी हाक मारली तरी घाम फुटतो. मी खाडीच्या कडेनं, लांबच्या वाटेनं जायला लागले. आमचे हे मार्केटात माथाडी आहेत, आयुष्य पोती उचलण्यात गेलं. रात्री पाठ चोळून घेताना म्हणाले, "एवढा गुण आहे तर जरा जोर लावून चोळ. तेल तरी वाचेल."

ती कादंबरीसुद्धा त्याच दिवसांत मिळाली.

पेटीच्या तळाशी घालायला नाना रद्दी किलोवर आणतात. त्यात एक जाड पुस्तक होतं, पुठ्ठा नसलेलं. नानांनी सुरुवातीची पानं फाडून एका पेटीत घातलीसुद्धा होती. मी त्यांच्याकडे तोवर कधी काही मागितलं नव्हतं. म्हटलं, "हे मी नेऊ?" ते म्हणाले, "वाचूक येता तुका?" म्हटलं, "जमेल तसं." मी चौथी शिकलेली. जोडाक्षर आलं की अजून बोट ठेवून थांबते. पण थांबत थांबत वाचलेलं आत जास्त दिवस राहतं असं मला वाटतं. दुपारी आढीच्या खोलीत खिडकीखाली बसून मी ते वाचायला लागले.

त्यात रावबा नावाचा एक पाणाड्या होता. दुष्काळी मुलखातला. हातात काठी धरून शेतातून चालायचं आणि काठी खाली ओढली गेली की सांगायचं, इथं खणा, पाणी आहे. माझ्याकडचं पुस्तक सुरू होत होतं ते एका विहिरीला पाणी लागल्यावर. गाव त्याला खांद्यावर घेऊन नाचत होतं आणि त्याची बायको फाटकं लुगडं सावरत लांब उभी होती, कारण असल्या लुगड्यात पुढं कसं जायचं. त्याआधी काय झालं होतं, ती काठी त्याच्याकडे कुठून आली, त्याचा स्वतःचा तिच्यावर विश्वास होता की नव्हता, हे सगळं पहिल्या पानांत असणार. आणि पहिली पानं कुणाच्या तरी घरी आंब्याखाली गेली होती. तो गरीब कशानं झाला तेही त्यातच असेल. पण त्यावाचून माझं काही अडलं नाही.

दुसऱ्या विहिरीलाही पाणी लागलं. मग ज्यांनी त्याला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं ते लोक त्याच्याकडे येऊन बसायला लागले. वेगळा झालेला भाऊ परत आला. ज्या दुकानदारानं त्याच्या पोराला हाकललं होतं त्यानं त्याच पोराच्या हातावर गूळ ठेवला. वाचताना मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची. मग सगळ्या गावानं मिळून तिसरी विहीर खणायला घेतली. रावबानं जागा दाखवली. लिहिणाऱ्यानं एवढंच लिहिलं होतं की जागा दाखवताना त्यानं डोळे मिटले होते.

मी इथवर आले होते तेव्हा सुनंदा मोबाईल घेऊन आली.

सुनंदा माझी शेजारीण. भिंतीला भिंत. जालन्याकडची, सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जायची. नवरा द्रोणागिरीला एका गोदामात वॉचमन. मुलगी पिंकी नववीत. ज्या खोलीत ते भाड्यानं राहायचे ती खोली पडणार होती. घरमालकीण, गावठाणातली म्हातारी, स्वभावानं चांगली. तिनंच येऊन सांगितलं होतं, "आमची आता मोठी बिल्डिंग होनार हाय. पावसाच्या आधी तुमी दुसरीकरं बघा गं." दुसरीकडे बघून बघून ते आधीच दमले होते. दर अकरा महिन्यांनी सामान उचलायचं, नवी गल्ली, नवी शाळा. सुनंदाचा नवरा म्हणाला, या सोडतीत घर लागलं तर ठीक, नाही तर गावाला चला. गावाला म्हणजे काय ते सुनंदाला माहीत होतं. तिथं वस्तीवरून शाळा लांब. वर्षभरात पोरगी बघायला माणसं येणार. तिचं स्वतःचं तसंच झालं होतं, नववीतच.

ती दारातच म्हणाली, "मंदा, हात धू."

"का गं?"

"चीक लागलाय. मोबाईल खराब होईल. पिंकीनं सगळं भरून ठेवलंय, आता फक्त बटन दाबायचं राहिलंय. ते तू दाब."

"मी?"

"आमच्यात असलं काही मानत नाहीत. माझ्या भावाला कळलं तर चपलेनं मारेल मला. पण तू दाब."

"अगं, मी काय देवी आहे?"

"देवी असतीस तर सांगितलंच नसतं. तू आंबे पिकवतेस ना? तेवढं माझं घर पिकव."

मी साबण लावून हात धुतले, पदराला पुसले आणि तिनं दाखवलेल्या निळ्या चौकोनावर बोट ठेवलं. आवाज आला नाही, काही हललं नाही. सुनंदानं मोबाईल झटकन काढून घेतला, त्यात बघितलं, छातीशी धरला आणि म्हणाली, "झालं." आणि गेली.

ती गेल्यावर मी पुस्तक उघडलं. रावबाची तिसरी विहीर चार पुरुष खोल गेली होती आणि अजून कोरडी माती वर येत होती. मी पुस्तक मिटलं. वेडेपणा आहे हे तेव्हाही कळत होतं. ते कुणी तरी केव्हाच लिहून, छापून ठेवलेलं. माझ्या वाचण्यानं त्या विहिरीत काही कमीजास्त होणार नव्हतं आणि त्या विहिरीचा सुनंदाच्या घराशी काही संबंध नव्हता. तरी पुढचं पान उलटवायला हात होईना. कोरडी निघाली तर? मी ते पुस्तक ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवलं आणि वर लग्नातला शालू घातला, जणू ते आपोआप उघडणार होतं.

हे लिहिताना आत्ताच वरून विमान गेलं. नवीन विमानतळ झाल्यापासून जातात. पत्रा थरथरतो, ताटल्या वाजतात. आधी लहान मुलं बाहेर धावायची, आता कुणी मान वर करत नाही. एवढं मोठं धूड डोक्यावरून जातं आणि त्याची सवय होते. कुणी तरी आपल्यावर भरवसा ठेवून बसलंय, याची मात्र मला सवय झाली नाही. रेश्मा जेवून येते म्हणाली होती. नऊ वाजल्यापासून तिची पावलं ऐकू आल्यासारखं होतंय.

तर त्या वर्षी मे महिना लागला आणि आंब्यात साका निघायला लागला. साका म्हणजे फळ बाहेरून सोन्यासारखं, वासाला उत्तम, आणि कापलं की आत पांढरट, रबरासारखं, आंबट. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. नाना वर्षानुवर्षं या धंद्यात आहेत, त्यांनाही दिसत नाही. एक म्हातारे गृहस्थ डब्यात फोडी घेऊन आले. रागावले नव्हते, तेच जास्त वाईट. म्हणाले, "नातीनं कापला हो पहिला आंबा. तिला वाटलं तिचीच काही चूक झाली." नानांनी त्यांना दुसरे आंबे दिले. मग दुसरं गिऱ्हाईक, मग तिसरं.

नाना मला म्हणाले, "साको झाडारच धरता गो. उन्हाच्या झळीन. आढयेचो काय संबंध नाय." मला बरं वाटलं. पण पुढचा माल आला तेव्हा त्यांची बायको रिक्षानं आली, नवी साडी नेसून, आणि पहिला आंबा तिनं ठेवला. मी दाराशी उभी होते. नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुका बरा नाय दिसत. बस जरा." मी ठणठणीत होते. मी बसले.

आढीचा संबंध नाही हे त्यांनीच सांगितलं होतं. आणि त्यांनीच बायकोला बोलावलं. त्या दिवशी मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आली ती त्यांची दया. रोखीनं घेतलेला माल परत जात नाही, ऊन आपल्या हातात नाही, झाड लांब राहिलं. माणूस बदलता येतो तेवढा एक.

सुनंदाच्या कानावर गेलंच. नळावर तिनं विचारलं, "आंब्यात काय निघालं म्हणे?"

"ऊन फार आहे यंदा."

"तुझ्या हातचे?"

"सगळ्यांचेच."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. पण तिची बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायचं तिला सुचलं नाही.

मग माझं डोकं चालू झालं. बटन दाबलं तेव्हा हात चांगला होता, साका नंतर निघाला. म्हणजे सुनंदाला धोका नाही. पण साका झाडावरच धरलेला असतो. म्हणजे मी बटन दाबत होते तेव्हाही तो आंब्यात होताच, फक्त कापलं नव्हतं. मग हातातही तसाच असेल. असा आढीतल्या फळासारखा एकच विचार उलटापालटा करत बसायचे. जेवण जाईना. पिंकी सुट्टीतल्या जादा तासांवरून येताना दिसली की मी आत व्हायचे. तिच्या पाठीवरच्या दप्तराकडे बघवायचं नाही. आमचे हे म्हणाले, "सगळ्या नवी मुंबईनं बटनं दाबलीयत. कुणाला तरी लागणार, कुणाला तरी नाही. त्यात तुझं काय गं?" हे मला पटलं. तेवढ्यात चपला घालता घालता ते वळून म्हणाले, "नीट दाबलंस ना पण?"

निकालाच्या दिवशी मी खोलीत आंबे निवडत होते. सुनंदा अनवाणी पळत आली. सोसायटीतून तशीच आली होती, कोपरापर्यंत कणीक. दारात उभी राहून नुसती माझ्याकडे बघायला लागली, ओठ हलतायत, आवाज नाही. मला वाटलं, संपलं. मी म्हणणार होते की सुनंदा, मला माफ कर, पण तेही बाहेर येईना. मग ती पेंढ्यावर बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. रडता रडता म्हणाली, "द्रोणागिरीला. सहाव्या मजल्यावर."

मला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मीही बसले. आमच्या खाली दोन-चार आंबे फुटले, ते नानांना अजून माहीत नाही.

संध्याकाळपर्यंत गल्लीला पेढे आणि माझं नाव, दोन्ही वाटून झालं होतं. नानांच्या बायकोनं लावलेल्या आढीतही साका निघाला होताच. नाना आले आणि खाली बघत म्हणाले, "मंदे, उद्याचो पहिलो आंबो तूच ठेव."

घराचा ताबा मिळाला तेव्हा सुनंदानं मला द्रोणागिरीला नेलं. रस्त्याला दोन्हीकडे गोदामं, कंटेनरच्या गाड्यांची रांग, धूळ, आणि एकदम मधूनच उंच इमारती. लिफ्टमध्ये मी डोळे मिटून घेतले. घर लहान पण उजेडाचं होतं. बुद्धवंदना झाली, खीर झाली. येईल त्या पाहुण्याला सुनंदा माझ्याकडे बोट करून सांगायची, "ह्याच त्या." तिचा तो चपलेनं मारणारा भाऊसुद्धा हात जोडून म्हणाला, "ताई, आम्ही मानत नाही, पण आभारी आहोत." मी स्वयंपाकघरात पळाले.

सुनंदा मागून आली. तिथं भांड्यांच्या आडोशाला मी तिला सगळं सांगितलं. जेवण जात नव्हतं ते, पिंकीला टाळत होते ते, पुस्तक ट्रंकेत ठेवलं ते. आधी ती हसली. मग दार ढकलून म्हणाली, "मंदा, एक सांगू? कुणाला बोलू नकोस. त्या दिवशी ते बटन दाबलंच गेलं नव्हतं."

"म्हणजे?"

"नेट गेलं होतं. लाल अक्षरं आली होती. मी घरी गेले आणि पिंकीनं परत दाबलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुझा चेहरा तू बघितला असतास ना, तर तूही सांगितलं नसतंस."

"आणि आता सगळ्यांना माझं नाव सांगतेस ते?"

सुनंदा खिरीत डाव फिरवत राहिली. "पिंकीचं नाव सांगितलं असतं तर उद्यापासून लोक तिच्या मागे लागले असते. दहावी आहे तिची. तुझं काय, तुला आता सवय आहे." आणि माझ्या वाटीत आणखी खीर वाढली.

मला राग आला का? आला असेल. पण खीर चांगली झाली होती, आणि बाहेर पिंकी खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तकं लावून ठेवत होती, एकदा अशी, एकदा तशी. ती पुस्तकं आता अकरा महिन्यांनी उचलायची नव्हती. आपलं लेकरू सावलीत ठेवायला शेजारणीला उन्हात उभं करायचं, हे मीही केलं असतं. सुनंदानं निदान खोटेपणा तरी प्रेमानं केला.

घरी येऊन मी ट्रंक उघडली. तिसरी विहीर कोरडीच निघाली. गाव आधी बोलायचं थांबलं, मग शिव्या द्यायला लागलं. भाऊ परत वेगळा झाला. शेवटी सगळे घरी निघून गेले आणि रावबा कुदळ घेऊन स्वतः विहिरीत उतरला. तो खाली खणतोय आणि बायको वर उभी राहून मातीची पाटी ओढून घेतेय, एवढ्यावर कादंबरी संपली. मला लिहिणाऱ्याचा इतका राग आला. दोन हात खाली पाणी लावलं असतं तर त्याचं काय जाणार होतं? कागदावरचंच तर पाणी. त्याला कुठं ते वाहून आणायचं होतं?

राग गेल्यावर मात्र मी त्या डोळे मिटण्यापाशी आले. जागा दाखवताना रावबानं डोळे मिटले होते. काठीत काही नाही हे त्याला आधीपासून माहीत होतं का? की पाणी लागल्यावर त्यालाही खरं वाटायला लागलं होतं? उत्तर फाटलेल्या पानांत राहिलं. पण समोर तेवढे डोळे लागलेले असताना "मला येत नाही" म्हणायला किती ताकद लागत असेल, ते मला आता ठाऊक होतं. माझ्यात ती नव्हती.

त्यानंतरच्या हंगामांत कितीजणी आल्या. मी दाबत गेले. एकीला घर लागलं, बाकीच्यांना लागलं नाही. लागलं नाही त्यातली एक म्हणाली, "त्या दिवशी तुमचा हात जड पडला मावशी." नळावर माझी पाळी आली की बाकीच्यांना घरात काही तरी आठवायचं. शहाळीवाल्यानं हाक मारायची सोडली त्याचं मला बरं वाटलं. पण एक कमल होती, रोज संध्याकाळी भाजी निवडायला माझ्याकडे बसायची. तिला नाही लागलं तेव्हापासून ती येत नाही. मला आंब्यापेक्षा, नानांपेक्षा, त्याचंच जास्त लागलं. म्हणून रेश्मा काल नळावर बोलली तेव्हा घशात अडकलं ते हेच होतं. ही पोरगी रोज जाता-येता "मावशी, चहा झाला का?" म्हणून ओरडते. हीसुद्धा जाईल.

इथवर लिहिलं आणि रेश्मा आढीच्या खोलीत आली. आता ती गेल्यावर पुढचं लिहिते आहे.

ती खाली पेंढ्यावर बसली, पोट सांभाळत. मोबाईल पुढं केला. मी हात पाठीमागे घेतले आणि म्हटलं, "रेश्मा, माझ्या हातात काही नाही गं." एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर आलं. सुनंदाचं बटन, लाल अक्षरं, पिंकी. इतकं मी कुणाशी सलग बोललेलं मला आठवत नाही. कान गरम झाले होते.

रेश्मा ओढणीला चिकटलेल्या काड्या काढत ऐकत होती. म्हणाली, "माहितेय मला."

"काय माहितेय?"

"पिंकीनं इथल्या मैत्रिणींना केव्हाच सांगितलंय. अख्ख्या गल्लीला माहितेय, मावशी. नानांना पण."

"मग तरी कशाला येता माझ्याकडे?"

"मग काय करायचं?" ती जरा चिडूनच म्हणाली. "नवरा कामावर. सासू म्हणते, तुझ्या नशिबात असेल तर लागेल. म्हणजे नाही लागलं तर माझंच नशीब फुटकं. एकटीनं दाबायला हात कापतो माझा."

मी तिला म्हटलं, सरक जरा. तिच्या शेजारी बसले. तिनं बोट ठेवलं, त्या बोटावर मी माझं ठेवलं. तिचा हात खरंच कापत होता. की माझा, ते सांगता येणार नाही. या वेळी हिरवी अक्षरं आली. ती तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवली, मग परत एकदा वाचली.

निकाल कधी ते अजून कळलेलं नाही. उठताना तिनं भिंतीला धरलं, दोन पावलं गेली, दारात थांबली.

"मावशी, नाही लागलं तर?"

"तरी ये," मी म्हटलं.